धुऱ्यापाशी मूठभर गवत

रिठदच्या त्या घरात संध्याकाळी बोलणारं एकच होतं, विहारावरचा भोंगा. वंदना संपली की तो खरखर करून बंद व्हायचा आणि मग नीलिमाला कुकरच्या शिट्टीचीसुद्धा सोबत वाटायची. आई, भागिरथा, गेल्याला दोन पावसाळे झाले होते. भाऊ प्रसेनजित नागपूरला नोकरीला. रविवारी फोन करायचा, "जेवली का?" विचारायचा. "जेवली" म्हटलं की दोघांचंही बोलणं सरायचं, पण फोन लवकर ठेववत नसे कुणालाच.

नीलिमा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. ते काम पोटाचं. जीव मात्र लागला होता पांदणीत.

पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी, दोन्हीकडून बोरी-बाभळींनी धरून ठेवलेली गाडीवाट. मोबाईलवरच्या नकाशात डांबरी रस्ते दिसतात, ढाबे दिसतात, मोबाईलचे टॉवर दिसतात, पांदण दिसत नाही. आई वावरात चक्कर येऊन पडली त्या दुपारी ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट विचारत होती. शेवटी आईला बाजेवर घालून खांद्यावरून रस्त्याला आणली. आई त्या वेळी वाचली, पुढच्या वर्षी गेली. पण नीलिमाच्या डोळ्यांसमोरून ती उभी गाडी हलली नाही. तिनं शिवारातल्या वाटांचा नकाशा करायला घेतला आणि त्याचं नावच ठेवलं 'पांदण'.

नकाशा ओपन सोर्स होता. म्हणजे त्याचा कोड, त्याच्या वाटा, सगळं उघड्यावर, गावच्या विहिरीसारखं. कुणीही यावं, मोबाईल खिशात टाकून आपल्या शिवाराची वाट चालावी आणि पाठवून द्यावी. आलेली वाट तपासून नकाशात जोडायचा हक्क तेवढा एका माणसाच्या हाती. तो माणूस नीलिमा. वाटा वाढत गेल्या, माणूस मात्र एकच राहिला.

आषाढात कंपनीचं पत्र आलं. घरून काम बंद, श्रावणापासून सगळ्यांनी पुण्याला. नीलिमानं ते वाचलं आणि उठून दारात गेली. घरामागच्या पांदणीत पाणी साचलं होतं, बगळा एका पायावर उभा होता. पुण्यात बसून वाट चालता येत नाही. पाऊस दरवर्षी वाटा मोडतो, नव्या पाडतो. चालणारं आणि जोडणारं कुणी मागं राहिलं नाही, तर पांदण दोन वर्षांत खोटी पडणार होती. आणि खोटा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट. ॲम्ब्युलन्स त्याच्या भरवशावर आत शिरेल आणि चिखलात रुतून बसेल.

माणसं आली नव्हती असं नाही. मागच्या दिवाळीनंतर वाशीमच्या कॉलेजात तिनं एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं. हॉल भरला होता. समोसे झाले, फोटो झाले, 'ताई, आमी करतो' झालं. पुढच्या आठवड्यात भराभर वाटा आल्या. कुणाची वाट अर्धवट, कुणाची विहिरीवरून गेलेली, कुणी वाटेचं नाव विसरलेलं. नीलिमानं एकेक घेतली, नीट केली, जोडली आणि प्रत्येकाला लिहिलं, "धन्यवाद! थोडं चुकलं होतं, मी करून टाकलं." तिला वाटायचं, बिचारे हौसेनं आले आहेत, त्यांना त्रास कशाला. दुसरी वाट फार थोड्यांनी पाठवली. तिसरी पाठवणारी एकच निघाली, किन्हीराजाची रंजीता. बसस्टँडजवळ तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं.

पुण्याचं पत्र आलं त्या आठवड्यात रंजीताचा आवाजातला निरोप आला. मागं झेरॉक्स मशीन घरघरत होतं.

"ताई, एक बोलू का? रागानं नाही बोलून राह्यली. मी वाट चालतो, चिखल तुडवतो, पाठवतो. घरी येऊन पाह्यलं तं माही वाट तुमी पुसली, दुसरी काढली, अन् खाली माहं नाव. ते नाव वाचून मलेच लाज वाटते. सगळं तुमालेच जमते तं आमी कायले पाह्यजे? माहं नाव काढून टाका तिथून. बाकी चांगलं चालू द्या तुमचं."

नीलिमानं निरोप दोनदा ऐकला. उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, 'तुझी वाट छानच होती'. ते खोटं होतं, म्हणून तेही पुसलं. सकाळी ती एसटीत बसली. रिठदहून वाशीम, वाशीमहून मालेगाव, तिथून किन्हीराजा.

दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या पानठेल्यावाल्यानं तंबाखू मळता मळता हात केला, "निंदाले गेली. पाऊस उघडला न. हे वाट धरा, लिंबाच्या झाडापासून आत."

ती वाट नीलिमाला ठाऊक होती. नकाशात तिनंच सरळ केली होती. चालताना कळलं की ती सरळ नाही. लिंबापाशी वाट एकदम आत वळते, एका पडक्या चौथऱ्याला वळसा घालते आणि मग पुढं जाते. तो वळसा तिनं मोबाईलची चूक समजून काढून टाकला होता.

सोयाबीन गुडघ्याखाली होतं. तीन बाया ओळीनं बसून गवत निंदत होत्या. मधली उठली. डोक्याला रुमाल, हातात विळा.

"या, ताई!" रंजीता म्हणाली. "एवढ्या आडवाटेनं किन्हीराजा सापडलं कसं तुमाले?"

"तूच वाट काढून पाठवली होती."

"मी काढली होती का तुमी?"

बाकी दोघी हसल्या.

"ह्या माह्या सासूबाई, तुळसाबाई. अन् ह्या मनकर्णाबाई, मजुरीले येतात, पन मालकीण त्याच हायेत," रंजीतानं सांगितलं. "बोलाचं असंन तं बसून नाही जमत, ताई. उद्या पुन्हा पाऊस लागला तं गवत डोक्यावर जाईन. पात धरता का?"

निंदायला बसलेल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला पिकाच्या ओळींचा एक पट्टा येतो, या धुऱ्याच्या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत. ती तिची पात. नीलिमानं ओढणी कमरेला खोचली, विळा घेतला आणि बसली. वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. शाळेच्या सुट्ट्यांत आईच्या बाजूला बसून शिकलेले हात. बोटं गवताच्या बुडाशी आपोआप जात होती, माती झटकत होती, ढीग मागं टाकत होती. किती दिवसांनी तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती! मनकर्णाबाई कुणाच्या तरी सुनेची चुगली सांगत होत्या, रंजीता मधे मधे "खरं का व?" म्हणत होती. नीलिमाला त्यातलं कुणी ठाऊक नव्हतं आणि तरी ती कान देऊन ऐकत होती.

ती सगळ्यांच्या आधी धुऱ्यावर पोचली. वळून पाहिलं तर तुळसाबाई फार मागं होत्या. गुडघ्यानं अधू, एक हात टेकत, एका हातानं निंदत. नीलिमाला राहवलं नाही. तिनं त्यांच्या पातीला समोरून हात घातला आणि धुऱ्याकडून त्यांच्याकडं सरासरा निंदत आली. बघता बघता ती म्हातारीच्या गुडघ्यांपाशी भिडली. तुळसाबाईंचा विळा हवेतच थांबला. समोर उपटायला काही उरलंच नव्हतं.

"झालं, आजी," नीलिमा हसून म्हणाली. "बसा तुमी आता निवांत."

तुळसाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग साफ झालेल्या पातीकडं पाहिलं. विळा पदराला पुसला, जमिनीला हात टेकून उठल्या आणि लंगडत जाऊन बाभळीखाली बसल्या, वावराकडं पाठ करून.

चुगली थांबली.

"घ्या," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "आता ते उठत नाही."

"काहून? काय झालं?"

"पावनी केली न तुमी तिले. तिच्याच वावरात."

बाभळीखालून आवाज आला, "मी का मेली होती का व? हळू का होईना, येत होती न मी? धुरा मले दिसून राह्यला होता."

नीलिमानं विळा खाली ठेवला. तिनं रंजीताकडं पाहिलं. रंजीता टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण ती नुसती पाहत होती. डोळ्यांत हसू नव्हतं, रागही नव्हता.

"मी काही बोलू, ताई?"

"नको," नीलिमा म्हणाली. "समजलं."

आणि मग आईचा आवाज आला. आला म्हणजे आतूनच आला, ओल्या मातीच्या वासाबरोबर. आई निंदताना ओवी म्हणायची. मागं पडलेल्या बाईच्या पातीला ती बाजूनं हात लावायची, काठाकाठानं, बोलत बोलत, कुणाच्या ध्यानात येऊ नये असा.

निंदता निंदता । मांगं राह्यली साजणी,
दोन हात माहे तिच्या । पातीच्या काठानी.

धुऱ्यापाशी ठेव बाई । गवत मूठभर,
जिची पात तिच्या हातानं । येऊ दे धुऱ्यावर.

लहानपणी नीलिमा मागं पडायची तेव्हा शेवटची मूठ नेहमी तिच्याच हाताला लागायची. धुऱ्यावर उभी राहून ती ओरडायची, "आई, माही पात झाली!" आणि आई म्हणायची, "झाली न बाप्पा! माह्या आधी झाली." इतकी वर्षं तिला वाटत होतं, ती पात तिनंच काढली होती.

ती उठून बाभळीखाली गेली. तुळसाबाईंच्या समोर उकिडवी बसली.

"आजी, त्या कोपऱ्यात मोथा लय माजला आहे. मले एकटीले नाही निघत. चला न."

तुळसाबाईंनी मान वळवली नाही. "नाटकं नको करू. एवढ्या सपाट्यानं निंदणारीले मोथा नाही निघत?"

"नाही निघत."

वर होला घुमत होता.

"तुहा हात कोणाचा व?" म्हातारीनं विचारलं. "कोणी शिकवलं निंदाले?"

"आईनं. भागिरथा नाव तिचं. रिठदची."

"आहे का?"

"नाही."

तुळसाबाईंनी विळा उचलला. "चाल," म्हणाल्या. "पन माह्या म्होरं येजो नको."

दुपारभर नीलिमा त्यांच्या बाजूच्या पातीत निंदत राहिली. हात किती वेळा पुढं गेला आणि किती वेळा तिनं तो मागं घेतला, ते तिचं तिलाच ठाऊक. काठचं थोडं थोडं काढत गेली. समोरचं राहू दिलं. उन्हं कलली तेव्हा तुळसाबाई आपल्या हातानं धुऱ्याला लागल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "झालं बाप्पा एकदाचं."

परतीच्या वाटेवर रंजीता सोबत होती. लिंबापाशी वाट वळली तसं नीलिमानं विचारलं, "हा वळसा काहून आहे?"

"जुनी विहीर हाये चौथऱ्याच्या मांगं. काठ खचला. अंधारात सरळ गेलं तं माणूस थेट पाण्यात." रंजीता चालता चालता बोलत होती. "मी टाकला होता तो वळसा. तुमी काढला."

"मी श्रावणात पुण्याले चालली," नीलिमा म्हणाली. ते तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रसेनजितलासुद्धा नाही. "कायमची. पांदण मांगं राहीन. तू नाही राह्यली तं कोणीच नाही."

रंजीता तिच्याबरोबर स्टँडापर्यंत गेली. एसटी आली, तेव्हा म्हणाली, "वळसा मीच टाकतो परत. तुमी हात लावू नका. मंग पाहू."

घरी येऊन नीलिमा थांबली. थांबणं हेच काम होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळसा आला, पण त्याच वाटेवर पुढं नाल्यापाशी चूक होती. रंजीतानं वाट जिथून ओढली होती तिथं नाला रुंद होता, आणि उपग्रहाच्या चित्रात रपटा, नाल्यातला ठेंगणा पूल, चांगला बोटभर खाली दिसत होता. नीलिमाचं बोट तिथं गेलं. एक रेघ इकडून तिकडं केली की झालं. तिनं बोट काढलं आणि लिहिलं, "वळसा नेमका आला. नाला कुठून ओलांडतात ते एकदा पाहून सांगशील? मी जोडायची थांबली आहे."

मग पाऊस लागला. नीलिमानं भाकरी टाकली, एकटीपुरती, तव्यावर एकच. नकाशात रंजीताची वाट अर्धी राहून लोंबत होती, तिकडं पाहिलं की दात घासता घासता उठून जाऊन ती पुरी करावी असं व्हायचं. एकदा तिनं दुरुस्ती केलीसुद्धा, आणि न पाठवता पुसून टाकली. भोंगा बंद झाला की घर इतकं शांत व्हायचं की तिला वाटायचं, रंजीता आता उत्तर देणारच नाही. एकटं राहायची इतकी सवय झालेल्या बाईला कुणाची वाट पाहणं जड जातं. एकटेपणात निदान कुणी न येण्याची धास्ती नसते.

पाऊस उघडल्यावर फोटो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चप्पल, मागं तुळसाबाई छत्री धरून.

"ताई, रपटा मांगच्या साली वाहून गेला. चित्रात दिसते तो आता नाहीच. लोक वरून जातात, पळसापासून. मी टाकली तेही चूक होती, तुमी टाकली असती तेही चूकच झाली असती. आता बरोबर टाकली. सासूबाई म्हनते, फोटोत मले पन घे."

नीलिमा हसली. रिकाम्या घरात तिचं हसू तिलाच मोठं वाटलं. तिनं वाट जोडली आणि खाली लिहिलं, 'रंजीतानं काढली'. आणखी काही लिहिलं नाही.

उरलेले दिवस तिनं उलटं काम केलं. हातातली सोपी सोपी कामं पुरी करायच्या ऐवजी अर्धी सोडली. इथं एका विहिरीचं नाव राहिलं आहे, तिथं एक फाटा. शेजारी लिहिलं, 'नव्या हातासाठी'. शिबिराला आलेल्यांना पुन्हा कळवलं, या वेळी धन्यवाद नाही, एकेकाला एकेक प्रश्न. 'तुझ्या गावची वाट नाल्यापाशी तुटली आहे, पाहतोस का?' फार कुणी आलं नाही. मानोऱ्याकडून, पोहरादेवीजवळच्या सेवादास नावाच्या मुलानं तेवढं 'पाहतो' म्हटलं. वाटा जोडायचा हक्क तिनं रंजीतालाही दिला. रंजीतानं विचारलं, "माह्याकडून काही बिघडलं तं?" नीलिमानं लिहिलं, "बिघडन. मंग तूच नीट करशील."

एक वाट तिनं नकाशात अजून घातलीच नव्हती, शेवटासाठी ठेवली होती. घरामागची. आईच्या वावरापर्यंत जाणारी, ज्या पांदणीनं आईची बाज रस्त्याला आली तीच. निघायच्या आदल्या दिवशी ती मोबाईल घेऊन चालायला लागली. वावर आता बटाईनं दुसऱ्याला दिलं होतं, पण बोरी त्याच होत्या, गाडीच्या चाकोऱ्यांत पाणी तसंच. अर्ध्यावर, मोठ्या बोरीपाशी, ती थांबली. पुढं वळणावर आईचा धुरा दिसत होता. तिनं मोबाईल बंद केला, तेवढीच अर्धी वाट पाठवली आणि माघारी वळली.

सकाळी समोरच्या लिलाबाईंकडं घराची किल्ली देऊन तिनं पुण्याची गाडी धरली. खिडकीतून ओली शेतं मागं जात होती, कुठंकुठं बाया ओळीनं बसलेल्या. रिसोड मागं पडलं तेव्हा मोबाईल वाजला. सेवादासची वाट आली होती. नीलिमानं उघडली. देवळामागं चूक होती, फाटा सुटला होता, लगेच दिसत होता. तिचं बोट उचललं गेलं.

पण खाली आधीच कुणीतरी लिहिलं होतं.

"सेवादास भाऊ, मस्त! देवळामागचा फाटा राह्यला वाटते. यात्रेत गर्दी असली की लोक तिकूनच जातात न? तुमीच एकदा जाऊन टाका. मी थांबतो. — रंजीता"

त्यात नीलिमासाठी काही नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणाला तिची गरज पडली नव्हती. हेच तर हवं होतं, आणि तरी पोरगी नांदायला गेली की आईला होतं तसं तिला झालं. ती नुसती वाचत राहिली, पुन्हा एकदा, दुसऱ्याच्या घरातली बोलणी भिंतीआडून ऐकावी तशी.

मग तिनं 'नव्या हातासाठी' ठेवलेली कामं पाहिली. वरच्या काहींपुढं रंजीतानं नावं टाकली होती. सगळ्यात खाली होतं, 'रिठद, घरामागची पांदण, बोरीपासून धुऱ्यापर्यंत'. त्यापुढं कुणाचंच नाव नव्हतं.

बोरीपासून धुऱ्यापर्यंत ती डोळे मिटून चालली असती. इथं गाडीत बसल्या बसल्याही तिला ती रेघ ओढता आली असती, कुठं वळते, कुठं दगड आहे, सगळं.

तिनं मोबाईल पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि काचेला डोकं टेकवलं. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. कुठल्यातरी वावरात बाया पात सोडून झाडाकडं पळत होत्या, आणि एक मागं राहिली होती, तिला हात धरून नेणारी दुसरी परत वळली होती.